सादळ आणि मुद्रा : घाटमाथ्यावरील दारूखान्याची व्यवस्था आणि तिची भाषा

१

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाच्या माथ्यावर घाटघर हे लहानसे गाव वसलेले आहे. (अकोले तालुक्यातील त्याच नावाचे गाव याहून वेगळे.) गावाच्या एका अंगास घाटाची नाळ कोकणात उतरते आणि दुसऱ्या अंगास जीवधन किल्ल्याचा कडा उभा राहतो. नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेखामुळे हे स्थळ इतिहासाच्या आणि लिपिशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासकाला परिचित आहे. नागनिकेच्या त्या लेखातील यज्ञांची गणना, दक्षिणेचे आकडे आणि अंकचिन्हे यांवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु याच घाटमाथ्याशी निगडित असलेला, सातवाहनांहून पुष्कळच अलीकडचा एक प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. तो प्रश्न असा की, वर्षातील तीन-चार महिने ढगांत बुडून राहणाऱ्या या किल्ल्यांवर बंदुकीची आणि तोफेची दारू कोरडी कशी राखली जात असे?

प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. किल्ल्यांचा इतिहास लिहिताना तट, बुरूज, दरवाजे, वेढे आणि तह यांना प्राधान्य मिळते, आणि ते योग्यही आहे. परंतु सतराव्या आणि अठराव्या शतकांतील किल्ल्याचे बळ केवळ चिऱ्यांत नव्हते. तटावर तोफ आहे, गोळा आहे, गोलंदाजही आहे. पण दारू ओलावली असेल तर तोफ म्हणजे केवळ धातूची नळी उरते. त्या काळी प्रत्येक बार हाताने भरावा लागे. मापाने दारू ओतावयाची, ती ठासावयाची, वर गोळी किंवा गोळा बसवावयाचा, कान्यात रंजक घालावयाची आणि तोडा किंवा बत्ती लावावयाची, असा क्रम असे. कारखान्यातून सिद्ध होऊन आलेले बंद काडतूस हाती नसल्यामुळे दारूचा प्रत्येक दोष थेट त्या बारात उतरे. म्हणून दारूची निगा हा कोठीतील हिशेबाचा विषय नसून किल्ल्यावरील माणसांच्या जीविताचा विषय होता.

या निगेविषयी मराठीत एक अत्यंत मोलाचे साधन उपलब्ध आहे. ते म्हणजे रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावावर प्रसिद्ध असलेले, इ. स. १७१५ च्या सुमाराचे ‘आज्ञापत्र’. त्यातील दुर्गविषयक प्रकरणाचा राजनीतीच्या अंगाने बराच अभ्यास झाला आहे. तथापि दारूखान्याविषयीचा त्यातील मजकूर भाषेच्या अंगाने वाचला, तर त्यातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. दारू कोरडी ठेवण्याचे ज्ञान दारूबरोबर बाहेरून आलेले नव्हते. ते घाटमाथ्यावरील घराघरांत, धान्य आणि बियाणे पावसाळ्यातून पार नेण्याच्या रीतीत, आधीच सिद्ध होते. राज्याने त्यात भर घातली ती नियमाची, मुद्रेची आणि जबाबदारीची. हे प्रतिपादन पुढे क्रमाने पाहू.

२

प्रथम दारूच्या प्रकृतीचा विचार केला पाहिजे. काळी दारू ही सोरा, कोळसा आणि गंधक या तीन द्रव्यांचे मिश्रण होय. युरोपात पुढे स्थिर झालेले प्रमाण शंभर भागांत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असे आहे. ‘शुक्रनीती’त ‘अग्निचूर्ण’ या नावाने दिलेल्या कृतीत पाच पले सोरा, एक पल गंधक आणि एक पल कोळसा असे प्रमाण येते. या ग्रंथाचा, निदान या भागाचा काळ बराच अर्वाचीन मानला जातो. तेव्हा त्यावरून प्राचीनत्वाचा दावा करता येत नाही. पण भारतीय कारागिरांस परिचित असलेले प्रमाण युरोपीय प्रमाणाहून फार दूर नव्हते, एवढे त्यावरून दिसते.

या तिन्ही द्रव्यांपैकी गंधकास पाण्याचे भय नाही. कोळसा सच्छिद्र असल्यामुळे हवेतील बाष्प शोषून घेतो. सोऱ्याची गोष्ट विशेष आहे. शुद्ध सोरा सहजी ओलावत नाही. सामान्य उष्णतामानात हवेची सापेक्ष आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर गेल्यावरच तो पाणी धरू लागतो. परंतु मातीतून धुऊन काढलेल्या कच्च्या सोऱ्यात साधे मीठ आणि चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार मिसळलेले असतात. मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेवरच पाझरू लागते आणि इतर क्षार त्याहूनही कमी आर्द्रतेत पाणी ओढतात. कोकणातून नाणेघाटाने मिठाचे बैल वर आणणाऱ्यास पावसाळी हवेत मीठ कसे पाझरते हे सांगावे लागत नसे. तेच मीठ दारूच्या पोटात दडून असते, एवढाच काय तो फरक. म्हणजे दारूचा टिकाऊपणा कोठारात ठरण्यापूर्वी सोरा शुद्ध करणाऱ्याच्या कढईत ठरत असे. देशावरील कोरड्या हवेत महिनोन्‌महिने चांगली राहणारी दारू घाटमाथ्यावर आषाढात निकामी होण्याचे कारण येथे आहे. जुन्नर शहर आणि घाटघर यांत अंतर सुमारे तीस किलोमीटर. पण पावसाळ्यात ही दोन स्थळे दोन भिन्न हवामानांत असतात.

ओलावलेल्या दारूची हानी दुहेरी असते. एक तर ती पेटत नाही, किंवा पेटली तरी रेंगाळत जळते. मापाने तेवढीच भरली तरी गोळ्यास वेग येत नाही, आणि गोलंदाजाचा अदमास चुकतो. दुसरी हानी याहून सूक्ष्म आहे. ओलाव्यात सोरा विरघळतो. दारू पुन्हा वाळली म्हणजे तो कणांच्या पृष्ठभागावर स्फटिकरूपाने फुटून येतो. अशी दारू हाताला कोरडी लागते, पण तिच्यातील तिन्ही द्रव्यांचा जो घनिष्ठ मिलाफ तिच्या शक्तीचे मूळ असतो, तो मोडलेला असतो. म्हणून उशिरा वाळवणे हा खरा उपाय नव्हे. ओलावा मुरण्यापूर्वीच, थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने तो काढून टाकणे हाच उपाय. फार बिघडलेल्या दारूतून सोरा उकळून वेगळा काढून नवी दारू करण्याची पद्धत पुढे इंग्रजी कोठारांत रूढ होती; परंतु तशी सोय एकाकी किल्ल्यावर नसते.

३

या पार्श्वभूमीवर आज्ञापत्रातील व्यवस्था पाहिली असता तिचा काटेकोरपणा लक्षात येतो. तिचा आशय थोडक्यात असा आहे. दारूखाना राहत्या घराजवळ किंवा घराच्या माऱ्याखाली नसावा; सदरेपासून योग्य अंतरावर त्यासाठी स्वतंत्र जागा बांधावी आणि भोवती कुसू घालावे. आत तळघर करावे, त्याची जमीन गच्चाची असावी. त्या जमिनीवर दारू प्रत्यक्ष ठेवावयाची नाही. माच घालून त्यावर दारूची मडकी आणि बस्ते ठेवावयाचे. बाण, होके इत्यादी सिद्ध सामग्री मधल्या घरात ठेवावयाची. कशासही सरदी पोहोचू द्यावयाची नाही. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यावयाचे, सर्व दारू, बाण, होके बाहेर काढून त्यांस उष्ण द्यावयाचे, आणि पुन्हा आत ठेवून मुद्रा करावयाची. दारूखान्यावर रात्रंदिवस पहारा असावा आणि परवानगीविना कोणास जवळ येऊ देऊ नये.

तोफांविषयीचा नियमही याच जातीचा आहे. पावसाळ्यात तोफांस व दरवाजांस तेल आणि मेण द्यावे, तोफांचे काने मेणाने बुजवावेत आणि प्रत्येक तोफेवर तिच्यापुरते आच्छादन घालावे, म्हणजे ती वाया जाणार नाही, असा त्याचा भावार्थ आहे. येथे दोन भिन्न शत्रू ओळखलेले दिसतात. तोफेच्या लोखंडास गंज खातो; तिच्या कान्यातून शिरलेले पाणी आत साचून पुढच्या बारास घातक ठरते. तेल पहिल्यावर उपाय करते, मेण दुसऱ्यावर.

प्रत्येक नियमामागे कारण आहे. राहत्या घरापासून अंतर ठेवावयाचे ते अग्नीच्या भयाने. तळघर करावयाचे ते माऱ्यापासून आणि ठिणगीपासून संरक्षण व्हावे आणि आतील उष्णतामान फारसे बदलू नये म्हणून. परंतु सह्याद्रीच्या खडकात तळघर म्हणजे पावसाळी झिरप्यास आमंत्रण. त्यावर उतारा गच्चाचा, म्हणजे चुन्याच्या घट्ट थराचा. गच्चातूनही येणारा गारवा आणि ओल भांड्यास लागू नये म्हणून माच. माचेवर मडकी, म्हणजे जमिनीचा स्पर्श तुटला आणि खालून हवा खेळती राहिली. एका उपायातील उणीव दुसरा उपाय भरून काढतो, अशी ही साखळी आहे. फ्रान्समध्ये वोबाँच्या आराखड्यांप्रमाणे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या कोठारांतही जाड घुमट, वायुवीजनाच्या वळणदार फटी आणि जमिनीपासून उचललेली लाकडी तक्तपोशी हीच सूत्रे दिसतात. दोन्हींत देवाणघेवाण मानण्याचे कारण नाही. एकाच संकटाने दोन ठिकाणी एकच बुद्धी सुचवली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होय.

४

आता या व्यवस्थेच्या भाषेकडे वळू. कारण मुख्य पुरावा तेथेच आहे.

‘दारू’ हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ औषध. मराठीतील ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ अद्याप टिकून आहे. त्यातील दोन्ही पदे, एक अरबी आणि दुसरे फारसी, औषधाचीच वाचक आहेत. औषधापासून मद्य आणि औषधापासूनच स्फोटक चूर्ण असे दोन फाटे या शब्दास फुटले. चिनी भाषेत या चूर्णास ‘अग्नि-औषध’ अशा अर्थाचे नाव आहे, हे या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहे. स्फोटक चूर्णाचा उगम औषधी द्रव्यांच्या खटाटोपात झाला, याची आठवण दोन्ही भाषांनी आपापल्या परीने जतन केली आहे. ‘सोरा’ही फारसीच, खाऱ्या जमिनीचा वाचक. ‘सरदी’चे मूळ ‘सर्द’, म्हणजे थंड. पण मराठीत आल्यावर त्याचा अर्थ सरकला : सर्द जागा म्हणजे केवळ गार जागा नव्हे, तर ओलसर जागा. ज्या देशात गारवा पावसाबरोबर येतो, तेथे थंडपणाच्या शब्दाने ओलाव्याचा अर्थ घ्यावा हे स्वाभाविक आहे. आज्ञापत्रातील ‘सरदी’ या दुसऱ्या अर्थाची आहे.

म्हणजे वस्तूची आणि तिच्या संकटाची नावे बाहेरून आली. शिवकाली रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून सिद्ध करविलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा मोठा प्रयत्न केला, त्यात शस्त्रवर्ग आणि दुर्गवर्ग असे स्वतंत्र वर्ग आहेत. तरी त्यानंतर सुमारे चार दशकांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात दारू ही दारूच राहिली. कोठारात काम करणाऱ्या माणसाच्या तोंडचा शब्द कोशाने सहसा हटत नाही.

परंतु उपायांचे शब्द पाहावेत. तेथे चित्र पालटते. ‘मडके’, ‘माच’, ‘तळघर’, ‘मेण’, ‘तेल’ हे सर्व शब्द घरातले आहेत. तोफेस आज्ञापत्र ‘भांडे’ म्हणते. स्वयंपाकघरातील भांडे आणि बुरुजावरील भांडे यांस एकच शब्द असावा, याचे कारण ओतीव धातूची पोकळ वस्तू हे दोहोंचे साधर्म्य होय. तिच्या छिद्रास ‘काना’ म्हणावे आणि तो मेणाने बुजवावा, हीही कल्पना घरगुतीच. आणि सर्वांत बोलका प्रयोग आहे ‘उष्ण देणे’ हा.

‘उष्ण देणे’ याचा अर्थ काय? शब्दशः घेतला तर कोणत्याही प्रकारची ऊब, अग्नीचीसुद्धा, त्यात येऊ शकेल. पण ज्या लेखकाने दारूखान्याजवळ परक्या माणसालाही येऊ दिले नाही, तो दारूस शेकोटीची ऊब देण्यास सांगेल हे संभवत नाही. येथे भाषेचा इतिहास साहाय्यास येतो. संस्कृत ‘उष्ण’, प्राकृत ‘उण्ह’, मराठी ‘ऊन’ अशी ही परंपरा आहे. मराठीत ‘ऊन’ म्हणजे सूर्याचा ताप. आणि वाळवणास ‘ऊन देणे’, डाळींना ‘दोन उन्हे देणे’ हा घरोघरीचा प्रयोग आहे. आज्ञापत्राचा लेखक संस्कृताभिमानी आहे. त्याने घरातील ‘ऊन देणे’ हाच प्रयोग उचलला आणि त्यातील तद्भव शब्दाच्या जागी तत्सम ठेवला, असे मानणे सर्वांत सरळ दिसते. म्हणजे किल्ल्याच्या हवालदाराने करावयाचे काम हे तत्त्वतः घरातील वृद्ध स्त्री वैशाखात आणि श्रावणाच्या उघडिपीत करते तेच. तिचे सुपात, त्याचे मडक्यात.

सादृश्य केवळ शब्दांपुरते नाही. घाटमाथ्यावरील शेतकरी बियाणे राखेत घोळून मडक्यात किंवा कणगीत भरतो, तोंड शेणामातीने लिंपतो, कणगी दगडांवर किंवा लाकडावर उचलून ठेवतो आणि पावसाने उघडीप दिली की धान्यास ऊन दाखवतो. वस्तू हवेतील ओल धरून मऊ पडली म्हणजे ‘सादळली’ असे मराठीत म्हणतात. पापडही सादळतो आणि दारूही सादळते. या एका क्रियापदात स्वयंपाकघर आणि दारूखाना यांचे नाते साठवलेले आहे. फारसी ‘सरदी’ शासनाच्या लेखणीत राहिली. देशी ‘सादळणे’ माणसांच्या बोलण्यात राहिले.

मग राज्याने काय केले? याचे उत्तर ‘मुद्रा’ या शब्दात आहे. घरात कणगीचे तोंड लिंपतात ते किडीमुंगीपासून व ओलीपासून रक्षण व्हावे म्हणून. दारूखान्यास मुद्रा करतात ती याहून वेगळ्या हेतूने : शेवटचे कोणी उघडले, कोणी मोजले, कोणी बंद केले याची साक्ष राहावी म्हणून. आठ-पंधरा दिवसांचा नेम, हवालदाराची स्वतःची उपस्थिती आणि मुद्रा या तीन गोष्टी घरात नसतात. घरात बियाणे नासले तर नासवणाऱ्याचेच शेत ओसाड पडते. त्यामुळे तेथे देखरेखीची गरज नाही. किल्ल्यावर दारू सादळली तर ती सादळू देणारा कदाचित दुसऱ्याच किल्ल्यावर बदलून गेलेला असतो, आणि मरतो तो तिसराच. हे अंतर बुजवण्यासाठी नियम लागतो. दारूखान्याच्या व्यवस्थेत राज्यसंस्थेचे सार असे लहान रूपात दिसते.

५

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. आज्ञापत्र हा आदर्शाचा ग्रंथ आहे. त्यात लिहिले तसे प्रत्येक किल्ल्यावर घडत होते असे त्यावरून म्हणता येणार नाही. आक्षेप रास्त आहे. किंबहुना ज्या गोष्टीची इतक्या तपशिलाने आज्ञा करावी लागते, तिच्यात हयगय होत असली पाहिजे, असेही अनुमान निघते. शिवाय घाटघरच्या माथ्यावर हा नियम अक्षरशः पाळणे निसर्गतःच कठीण. आषाढात तेथे पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही. अशा वेळी दारू बाहेर काढणे म्हणजे तिला ओल पाजणे होय. तेव्हा नियमाचा खरा अर्थ असा घ्यावा लागतो की, ऊन मिळेल तेव्हा ते चुकवावयाचे नाही, आणि न मिळेल त्या काळासाठी गच्च, माच व मडके यांवर भिस्त ठेवावयाची. नियमात दिलेला ‘आठ ते पंधरा’ असा सैल अवधी हवामानाची जाणीव असल्याचेच दर्शवतो.

नियमाची किंमत काय होती हे प्रत्यक्ष घटनांतून कळते. सिंहगडावर दरवाजातून वर आल्यावर दगडी दारूकोठार आजही दाखवले जाते. ११ सप्टेंबर १७५१ रोजी त्यावर वीज पडली. स्फोटात गडाच्या तत्कालीन फडणिसांचे घर उद्ध्वस्त झाले आणि घरातील सर्व माणसे मृत्यू पावली. राहते घर आणि दारूखाना यांत अंतर असावे, या आज्ञेमागील भय किती खरे होते याचा याहून स्पष्ट पुरावा नको. महिनाही लक्षात घेण्यासारखा आहे. पाऊस आणि वीज एकाच ऋतूत येतात. दारूस ओल लागण्याचे आणि आग लागण्याचे भय एकाच वेळी उभे राहते. दारू जितकी कोरडी राखावी तितकी ती अधिक धोक्याची होते. रक्षकाने दोन विरुद्ध संकटांमधून मार्ग काढावयाचा असतो.

मैदानावरील लढाईतही हेच दिसून आले. २३ जून १७५७ रोजी प्लासी येथे ऐन दुपारी पाऊस कोसळला. कंपनीच्या सैन्याने आपली दारू ताडपत्र्यांखाली झाकली. नबाबाच्या तोफखान्याची दारू भिजली आणि त्याच्या तोफा मंदावल्या. त्या दिवसाचा निकाल फितुरीने लागला हे खरेच. तथापि पावसापूर्वी कोणी काय झाकले याचाही त्यात वाटा होता. मराठी फौजा पावसाळ्यात छावणी करून दसऱ्यास सीमोल्लंघन करीत, त्यामागे नद्यांचे पूर, चारा आणि शेती ही कारणे सांगितली जातात. त्यांच्या जोडीला दारूचेही कारण मानावयास हरकत नाही. परंतु फौज छावणी करू शकते; किल्ला करू शकत नाही. त्यावरील शिबंदीस पावसाळा तेथेच काढावा लागतो. म्हणून दारूच्या निगेचा प्रश्न मैदानी फौजेपेक्षा किल्ल्यास अधिक बिकट होता.

जुन्नर प्रांतात या सामग्रीची निपजही होत होती. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात, १७६५-६६ मध्ये, ओतूरजवळच्या आंबेगव्हाण येथे तोफगोळ्यांचा कारखाना सुरू झाला. गोळा गंजला तर घासता येतो. दारू सादळली तर तिला तसा उपाय नाही. म्हणून गोळ्याचा कारखाना एका ठिकाणी असला तरी दारूची निगा प्रत्येक किल्ल्याने आपापली करणे अपरिहार्य होते.

१८१८ च्या इंग्रज-मराठे युद्धाचा अखेरचा अंक या दृष्टीने पाहिला असता एक विपरीत गोष्ट ध्यानात येते. सिंहगड मार्चच्या प्रारंभी पडला. मे महिन्याच्या आरंभी मेजर एल्ड्रिजच्या तुकडीने चावंड आणि जीवधन घेतले. त्याच महिन्यात रायगडही गेला. ही सारी मोहीम पावसाळ्यापूर्वी आटोपण्याची इंग्रजांची घाई होती, आणि कारणही उघड आहे : त्यांची दारूही आषाढात सादळली असती. म्हणजे घाटमाथ्यावरील किल्ल्यांना जो ऋतू सर्वांत मोठा सोबती ठरला असता, तो येण्यापूर्वीच ते पडले. ज्या कोरड्या दिवसांत त्यांची दारू उत्तम स्थितीत होती, त्याच दिवसांत शत्रूचे फुटते गोळे सर्वांत अधिक परिणामकारक होते. जीवधनावरील खडकात खोदलेल्या कोठीत अद्याप राख आढळते आणि ती त्या वेळी लागलेल्या आगीची असल्याची परंपरा आहे. परंपरा धान्याच्या कोठीविषयी आहे, दारूविषयी नाही. तरी कोरडे राखलेले कोठार अग्नीपुढे किती असहाय असते याचे ते स्मारक म्हणता येईल. पराभवाची राजकीय कारणे वेगळी आहेत आणि ती दारूखान्यात शोधू नयेत. पण किल्ल्याचे बळ ऋतूनुसार बदलते, ही गोष्ट वेढ्यांच्या अभ्यासात गृहीत धरली पाहिजे.

६

एकोणिसाव्या शतकात निगेचे रूप पालटले. दारू आणि गोळी कागदी पुडीत एकत्र बांधलेले काडतूस सर्रास झाले. शब्दही पश्चिमेकडूनच आला. कागद ओल धरतो, म्हणून त्यास मेण आणि चरबी लावण्याची पद्धत पडली. नळीत गोळी सरकावी हाही तिचा एक हेतू होता. १८५७ मध्ये एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसांवरील याच लेपाने हिंदुस्थानात केवढा क्षोभ माजवला हे सर्वज्ञात आहे. ओलीपासून रक्षण करण्याचा एक उपाय, तो ज्यांनी दाताने तोडावयाचा त्यांच्या आचारधर्माचा विचार न करता योजला, तर राज्य हादरते. आज्ञापत्रातील मेण तोफेच्या कान्यात होते, माणसाच्या मुखात नव्हते.

पुढे पितळी काडतूस आले. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना स्थापन झाला. मडके, माच आणि मेण यांचे काम आता पितळेच्या लहानशा नळकांड्याने आपल्याकडे घेतले. काळ्या दारूची जागा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारूने घेतली. ती ओलाव्यास तितकी भीत नाही. परंतु उष्णतेत वर्षानुवर्षे राहिली तर ती आतूनच विघटित होऊ लागते आणि त्यातून निघणारे आम्ल तिचा नाश अधिक वेगाने करते. त्यावर स्थिरकारी द्रव्ये मिसळतात, आणि साठ्याची ठराविक काळाने परीक्षा करतात. आठ-पंधरा दिवसांच्या जागी वर्षे आली. हवालदाराच्या जागी परीक्षक आला. नेम मात्र राहिला.

उपरिनिर्दिष्ट विवेचनातून दोन गोष्टी अभ्यासकांपुढे ठेवता येतील. पहिली, शब्दांच्या साक्षीची. दारूखान्यातील नामे फारसी आणि क्रिया मराठी आहेत. वस्तू बाहेरून आली तरी ती सांभाळण्याचे कौशल्य येथल्या मातीतले असू शकते, आणि तसा भेद केवळ नामांच्या यादीवरून कळत नाही. ‘देणे’, ‘ठेवणे’, ‘बुजवणे’, ‘सादळणे’ अशा क्रियापदांकडेही पाहावे लागते. परकीय शब्दांच्या गणनेवरून संस्कृतीच्या ऋणाचा हिशेब मांडणाऱ्यांनी ही सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे.

दुसरी गोष्ट माणसांची. आज्ञापत्रात हवालदार आहे, पहारेकरी आहेत. पण भल्या सकाळी उघडीप पाहून तळघरातील मडकी एकेक करून वर आणणारी, ती उन्हात मांडणारी, ढग दिसताच धावत जाऊन आत नेणारी माणसे निनावी आहेत. ती बहुधा किल्ल्याच्या घेऱ्यातील गावांतली असणार. घाटमाथ्याच्या राखणीत येथल्या महादेव कोळ्यांचा वाटा इतिहासाला ठाऊक आहे. आपल्या घरचे बियाणे पावसाळ्यातून पार नेण्याचे जे ज्ञान त्यांच्या हातांत होते, त्याच्याच आधारे राज्याची दारू कोरडी राहिली. बखरींना त्यांची नावे ठाऊक नाहीत. परंतु ज्या वर्षी आषाढ सरल्यावरही बुरुजावरची तोफ पहिल्याच बत्तीस वाजली, त्या वर्षी ती या हातांमुळे वाजली. नाणेघाटाच्या लेण्यात दानाची मोजदाद दगडावर कोरलेली आहे. त्याच घाटाच्या वर राबलेल्या या श्रमाची मोजदाद कोणी ठेवली नाही. ती आता शब्दांतूनच वाचावी लागेल.